अल्बट्रॉसच्या गळ्यात कोणी बांधलं लोढणं?

इंग्रजीत तो ‘गळ्यातलं ओझं’, गोल्फमध्ये तो स्वप्नवत शॉट, जपानीत तो चक्क ‘मूर्ख’. एका समुद्रपक्ष्याच्या नावाची ही गोष्ट राहाटाच्या गाडग्यापासून सुरू होते आणि ‘विज्डम’ नावाच्या आजीपर्यंत येऊन पोहोचते.

इंग्रजी पेपरातलं संपादकीय पान वाचायची सवय असेल, तर ‘गळ्यातला अल्बट्रॉस’ तुम्हाला एव्हाना भेटला असेल. तोट्यात चाललेली कंपनी, रखडलेला प्रकल्प, फिटता न फिटणारं कर्ज, फॉर्म हरवलेला पण वगळताही न येणारा कॅप्टन. या ना त्या कारणानं कोणाच्या तरी गळ्यात हा पक्षी लटकलेला असतो. आपण ‘ओझंबिझं असेल काहीतरी’ असा अंदाज बांधतो आणि पुढच्या परिच्छेदाकडे वळतो.

मराठीत याला एकदम चपखल शब्द आहे, लोढणं. ओढाळ गुरानं पळून जाऊ नये म्हणून त्याच्या गळ्यात लाकडाचा ओंडका अडकवतात, तो चालताना पायात येतो, ते लोढणं. ‘हे काय लोढणं गळ्यात घेतलंस?’ असं आजी म्हणते तेव्हा शब्दकोश उघडावा लागत नाही.

पण लाकडाच्या ओंडक्याचं ओझं होणं समजू शकतं. अल्बट्रॉसचं काय? सध्या जिवंत असलेल्या पक्ष्यांत सर्वांत लांब पंख याचे. ‘वाँडरिंग अल्बट्रॉस’चे पंख पसरले तर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत साडेतीन मीटरपर्यंत भरतात. म्हणजे तुमच्या हॉस्टेलच्या खोलीत त्याला पंख धड उघडताही येणार नाहीत! दिवसचे दिवस हवेत राहणारा असा पक्षी ‘ओझं’ कसा झाला? त्यासाठी आधी त्याच्या नावाचा माग काढावा लागतो.

राहाटाचं गाडगं

अल्बट्रॉस हा शब्द इंग्रजीत आला तो पोर्तुगीज आणि स्पॅनिश खलाशांकडून. त्यांचा मूळ शब्द ‘अल्कात्राझ’. आणि गंमत म्हणजे हा शब्द आजच्या अल्बट्रॉससाठी नव्हताच. पेलिकन म्हणजे आपला झोळीवाला पक्षी, फ्रिगेटबर्ड, गॅनेट अशा मोठ्या समुद्रपक्ष्यांना तो सरसकट लावला जायचा.

‘अल्कात्राझ’मधला ‘अल’ ओळखीचा वाटला का? अल्जेब्रा, अल्कोहोल यांच्यातला तोच हा ‘अल’, म्हणजे अरबी भाषेतलं उपपद. स्पेन आणि पोर्तुगालच्या मोठ्या भागावर काही शतकं अरबी बोलणाऱ्यांची सत्ता होती. तिथल्या भाषांमध्ये अरबी शब्द ‘अल’सकट मुरले.

आता मूळ अरबी शब्द कोणता, यावर अभ्यासकांची दोन मतं आहेत. एक मत म्हणतं, ‘अल-गत्तास’, म्हणजे बुडी मारणारा. माशांसाठी पाण्यात सूर मारणाऱ्या पक्ष्याला हे नाव शोभतं. दुसरं मत म्हणतं, ‘अल-कादूस’. कादूस म्हणजे विहिरीवरच्या राहाटाला लावलेलं पाण्याचं भांडं. पेलिकनच्या चोचीखालची पिशवी बघा. त्या पिशवीतून तो आपल्या पिल्लांसाठी पाणी वाहून नेतो, असा समज होता. म्हणून तो पाण्याचं भांडं!

म्हणजे आपलं रहाटगाडगं. मराठीत ‘संसाराचं रहाटगाडगं’ म्हटलं की रोजची तीच ती धावपळ डोळ्यांसमोर येते. त्याच गाडग्यानं अरबीत मात्र पंख फुटून थेट समुद्र गाठला असावा. कादूस हा शब्दही अरबीत ग्रीकमधून आला. एका मडक्यानं किती भाषांचा प्रवास केला बघा.

‘अल्कात्राझ’ वाचताना तुमच्या डोळ्यांसमोर तुरुंग आला असेल तर तेही बरोबर आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीतल्या बेटांचा नकाशा करताना १७७५ मध्ये हुआन मान्युएल दे अयाला या स्पॅनिश दर्यावर्दीनं ‘अल्कात्राझांचं बेट’ असं नाव वापरलं. पुढे तिथेच अमेरिकेचा तो कुप्रसिद्ध तुरुंग आला. १९३४ ते १९६३ या काळात तो संघराज्य सरकारचा कडेकोट तुरुंग होता आणि अल कपोनसारखा गँगस्टर तिथे कैदेत होता. क्लिंट ईस्टवुडचा सिनेमा ज्यांनी पाहिलाय त्यांना तिथून पळणं काय प्रकार होता हे सांगायला नको. तर अल्कात्राझ आणि अल्बट्रॉस ही एकाच घरातली भावंडं. एकाच्या वाट्याला तुरुंग आला, दुसऱ्याच्या वाट्याला समुद्र.

मेक्सिकोत तर हाच शब्द फुलालाही चिकटला. पांढऱ्या कॅला लिलीला तिथे अल्कात्राझ म्हणतात.

‘अल्का’चं ‘अल्बा’ झालं

इंग्रज खलाशांनी सोळाव्या शतकात हा शब्द उचलला तेव्हा ते तो ‘अल्कात्रास’च्या आसपास उच्चारायचे. सतराव्या शतकात त्यांची जहाजं दक्षिणेकडच्या थंड समुद्रात नेमानं जायला लागली आणि तिथे त्यांना पांढऱ्या अंगाचे अजस्र पक्षी दिसले. नवीन पक्ष्यासाठी जुनंच नाव वापरलं गेलं, पण ‘क’च्या जागी ‘ब’ आला. का? लॅटिनमध्ये ‘अल्बस’ म्हणजे पांढरा. फ्रिगेटबर्ड काळा असतो, हा पांढरा. बोलता बोलता कानांनी नावातही पांढरा रंग भरला, असं शब्दांचे अभ्यासक मानतात. (हो, ‘हॅरी पॉटर’मधल्या डंबलडोरचं पहिलं नाव ‘अल्बस’, तेही हेच.)

हा शब्द बदलत होता तेव्हा तो वापरणाऱ्यांपैकी एक माणूस आपल्या चांगल्या ओळखीचा आहे. शिवकाळावरची पुस्तकं वाचली असतील तर डॉ. जॉन फ्रायर हे नाव तुम्ही ऐकलं असेल. ईस्ट इंडिया कंपनीचा हा डॉक्टर १६७२ मध्ये इंग्लंडहून निघाला. पुढच्या काही वर्षांत त्यानं मुंबई, सुरत, जुन्नर असा मुलूख पाहिला आणि जे पाहिलं ते लिहून ठेवलं. १६९८ मध्ये ते पुस्तक छापलं गेलं. त्या काळातली मुंबई कशी होती हे सांगताना इतिहासकार आजही त्याचा आधार घेतात. भारताकडे येताना आफ्रिकेच्या दक्षिण टोकाजवळ त्याच्या जहाजाला हे पक्षी भेटले. अंगाच्या मानानं यांचे पंख फारच मोठे आहेत, असं त्यानं नोंदवलं आणि नाव लिहिलं ‘अल्बेट्रॉस’. स्पेलिंग अजून बसलं नव्हतं!

फ्रायर मुंबईला पोहोचला, अल्बट्रॉस मात्र मागेच राहिले. आपल्या अरबी समुद्रात हा पक्षी राहत नाही. त्याला लागतो सतत वाहणारा जोरदार वारा, आणि विषुववृत्ताजवळच्या पट्ट्यात वारा पडलेला असतो. म्हणून त्याच्या बहुतेक जाती दक्षिण गोलार्धात आणि काही उत्तर पॅसिफिकमध्ये. कदाचित म्हणूनच मराठीत त्याचं रूढ नाव नाही. कुरव म्हणजे सीगल, सुरय म्हणजे टर्न. जे पक्षी रोज दिसतात त्यांना आपल्याकडे नावं आहेत. (मांडव्याच्या बोटीमागे वेफर्ससाठी झेपावणारा तो ‘सीगल’ मराठीत कुरव असतो, हे तुमच्या पुढच्या रीलच्या कॅप्शनसाठी!)

पंचविशीतल्या कवीनं केलेला घोळ

इंग्लिश लिटरेचरला असाल तर हा भाग तुमचा. १७९८ मध्ये सॅम्युअल टेलर कोलरिजची ‘द राइम ऑफ द एन्शंट मरिनर’ ही दीर्घ कविता आली. लिहिली तेव्हा कवी पंचवीस वर्षांचा होता आणि मोठ्या समुद्रप्रवासाला तो तोवर कधी गेलाही नव्हता. अल्बट्रॉसची कल्पना त्याला मित्रानं, म्हणजे वर्ड्‌सवर्थनं सुचवली. वर्ड्‌सवर्थनं ती कुठे वाचली? जॉर्ज शेल्व्हॉक नावाच्या कप्तानाच्या १७२६ च्या प्रवासवर्णनात. केप हॉर्नजवळ वादळानं हैराण झालेल्या जहाजावर हॅटली नावाच्या अधिकाऱ्यानं, मागे मागे येणारा काळा अल्बट्रॉस अपशकुनी समजून गोळी घालून मारला, असा तो प्रसंग.

कवितेत काय होतं, ते थोडक्यात. बर्फात अडकलेल्या जहाजाजवळ अल्बट्रॉस येतो, वारा सुटतो, जहाज मोकळं होतं. खलाशी त्याला खाऊ घालतात. आणि काहीही कारण नसताना नायक त्याला बाण मारतो. मग वारा पडतो, पाणी संपतं. चिडलेले सहकारी तो मेलेला पक्षी शिक्षा म्हणून नायकाच्याच गळ्यात अडकवतात. पुढे समुद्रातल्या सापांकडे पाहून त्याच्या मनात नकळत प्रेम दाटून येतं आणि तेव्हाच तो पक्षी गळून पाण्यात पडतो.

आता वाक्प्रचाराकडे परत या. ‘गळ्यातला अल्बट्रॉस’ म्हणजे आज आपण समजतो, कुठून तरी येऊन मानगुटीवर बसलेली कटकट. मूळ कवितेत ती कटकट नाही. ते स्वतःच्या हातानं केलेल्या पापाचं ओझं आहे. पक्षी तर मदतीला आलेला होता! म्हणजे ज्याचा जीव गेला, त्याचंच नाव आपण त्रासाला दिलं. ग्रुप डिस्कशनमध्ये हा वाक्प्रचार टाकणार असाल तर जरूर टाका. फक्त अडचण ज्यानं स्वतः ओढवून घेतलीय, त्याच्याबद्दल बोलताना वापरलात तर तो जास्त शोभेल.

या कवितेमुळे आणखी एक समज पसरला. अल्बट्रॉस मारणं पाप आहे असं सगळेच खलाशी मानायचे, असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात जहाजांवर हे पक्षी गळ टाकून पकडले जायचे, खाल्ले जायचे, त्यांच्या पोकळ हाडांच्या पाइपच्या नळ्या आणि पायांच्या कातड्याचे तंबाखूचे बटवे केले जायचे.

गोल्फवाल्यांनी मान ठेवला

एका खेळानं मात्र या नावाची इज्जत राखली. गोल्फमध्ये ठरलेल्या फटक्यांपेक्षा एक कमी लागला तर ‘बर्डी’, दोन कमी लागले तर ‘ईगल’ आणि तीन कमी लागले तर ‘अल्बट्रॉस’. पक्षी जितका मोठा आणि दुर्मीळ, तितका पराक्रम मोठा. अमेरिकेत याला ‘डबल ईगल’ म्हणतात. १९३५ च्या मास्टर्स स्पर्धेत जीन साराझेननं पंधराव्या होलवर मारलेला असा एक फटका आजही सांगितला जातो. पाच फटक्यांचा होल त्यानं दोनात संपवला आणि पुढे स्पर्धाही जिंकली.

नाव मूर्ख, म्हणून काठी

इथपर्यंत नावाची गंमत होती. पुढची गोष्ट गंमत नाही.

अल्बट्रॉस हवेत राजा असला तरी जमिनीवर त्याची त्रेधा उडते. उडायला विमानासारखी धावपट्टी लागते, उतरताना कधी कधी तोंडावर आपटतो. शिवाय तो अंडी घालतो दूरच्या निर्जन बेटांवर. तिथे लाखो वर्षं शिकारी प्राणी नव्हते, त्यामुळे जवळ आलेल्याला घाबरायचं असतं हे त्याला माहीतच नाही. माणूस समोर उभा राहिला तरी तो अंड्यावरून हलत नाही.

माणसानं याचा अर्थ काय लावला? मूर्ख! डच खलाशांनी ‘मालेमोक’ म्हटलं, म्हणजे येडा कुरव. इंग्रजीत लहान अल्बट्रॉसना ‘मॉलीमॉक’ म्हणतात ते त्यावरूनच. पॅसिफिकमधल्या मिडवे बेटावरच्या अमेरिकी सैनिकांनी ‘गूनी बर्ड’ म्हटलं, अर्थ तोच. आणि जपानीत अल्बट्रॉसचं रूढ नाव ‘आहोदोरी’. आहो म्हणजे बावळट, दोरी म्हणजे पक्षी.

हा नियम फक्त अल्बट्रॉसला लागू नाही. ‘बूबी’ या समुद्रपक्ष्याचं नाव स्पॅनिश ‘बोबो’वरून आलं असं मानतात, म्हणजे परत बावळटच. ‘बूबी ट्रॅप’ आणि ‘बूबी प्राइझ’मधला बूबीही तोच मूर्ख. जवळ गेलं तरी न पळणाऱ्याला आपण बावळट ठरवतो. विश्वास ठेवणाऱ्याला मूर्ख म्हणायची सवय फक्त पक्ष्यांपुरती आहे का, हा प्रश्न तुमच्या ग्रुपमधल्या ‘भोळ्या’ मित्राला विचारून बघा.

नावानं काय फरक पडतो, असं वाटत असेल तर जपानच्या तोरीशिमा बेटावर चला. तोरीशिमा म्हणजे पक्ष्यांचं बेट. टोकियोपासून सुमारे सहाशे किलोमीटर दक्षिणेला समुद्रात उभा असलेला हा ज्वालामुखी. एकोणिसाव्या शतकात इथे आखूड शेपटीचे अल्बट्रॉस अक्षरशः लाखांनी यायचे. १८८७ च्या सुमाराला तिथे पिसांचा धंदा सुरू झाला. गाद्या-उश्यांसाठी परदेशात या मऊ पिसांना मोठी मागणी होती. बंदूक लागत नव्हती, जाळं लागत नव्हतं. कामगार हातात काठी घेऊन घरट्यांमधून चालत जायचे आणि एकेका पक्ष्याला मारायचे. पळत नव्हते ना ते. मूर्खच ते!

काही दशकांत मारल्या गेलेल्या पक्ष्यांचा अंदाज पन्नास लाखांच्या घरात सांगितला जातो. १९०२ मध्ये ज्वालामुखीचा उद्रेक झाला आणि बेटावरचे सव्वाशेच्या आसपास लोक मृत्युमुखी पडले. तरी धंदा पुन्हा सुरू झाला. १९४९ मध्ये पाहणी झाली तेव्हा एकही पक्षी दिसला नाही. हा अल्बट्रॉस नामशेष झाला, असं जाहीर झालं.

आणि १९५१ मध्ये बेटावरच्या हवामान केंद्रातल्या माणसाला उतारावर ते दिसले. दहाच्या आसपास. हे वाचले कसे? पिल्लू घरटं सोडून समुद्रावर गेलं की काही वर्षं जमिनीकडे फिरकत नाही. बेटावर कत्तल चालू असताना जे दूर समुद्रावर भटकत होते, ते वयात आल्यावर घरी परतले. ‘वाँडरिंग’ असणं असंही उपयोगी पडतं.

नाव बदला, असं म्हणणारा प्रोफेसर

१९७० च्या दशकात हिरोशी हासेगावा हे जीवशास्त्रज्ञ या बेटावर जायला लागले आणि पुढची कित्येक दशकं जात राहिले. अंडी घरंगळून जायची तो उतार गवत लावून पक्का केला. मग बेटाच्या दुसऱ्या, सुरक्षित बाजूला खोटे अल्बट्रॉस उभे केले आणि स्पीकरवर त्यांचे आवाज वाजवले. खोट्या शेजाऱ्यांना भुलून खरे पक्षी तिकडे वस्तीला आले. नंतर काही पिल्लं दुसऱ्या बेटावर नेऊन माणसांनी हातानं भरवून वाढवली. दहावर आलेली ती संख्या आज काही हजारांत आहे.

याच हासेगावांनी आणखी एक आग्रह धरला, आहोदोरी हे नाव बदला. त्याऐवजी त्यांनी सुचवलं ‘ओकिनोतायु’, म्हणजे साधारण ‘खोल समुद्रावरचा मानकरी’. ज्याला आपण संपवलं त्यालाच ‘बावळट’ म्हणत राहणं बरोबर नाही, अशी त्यामागची भावना. रोजच्या बोलण्यात जुनंच नाव अजून चालतं. सवय लागलेलं नाव सुटत नाही, हे कॉलेजात पहिल्या वर्षी पडलेलं टोपणनाव पदवीपर्यंत वागवणाऱ्यांना वेगळं सांगायला नको.

मूर्खांच्या बेटावरची ‘विज्डम’

अल्बट्रॉस मुळात किती हुशारीनं उडतो, तेही सांगायला हवं. लाटांच्या अगदी जवळ वारा मंद असतो, वर जावं तसा वेग वाढतो. या फरकाचा उपयोग करून तो वर चढतो, वळतो, खाली घसरतो आणि परत चढतो. पंख पसरलेले ठेवायला खांद्यात जणू कडीच असते, त्यामुळे स्नायूंवर ताण येत नाही. पंख फारसे न हलवता शेकडो किलोमीटर! करड्या डोक्याच्या एका अल्बट्रॉसनं ४६ दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा केल्याची नोंद आहे. याला बावळट म्हणणाऱ्यांनी एकदा पेट्रोलचं बिल बघावं.

पण आजही त्याच्या २२ जातींपैकी बहुतेक धोक्याच्या यादीत आहेत. काठीची जागा आता गळानं घेतलीय. ट्युनासारख्या माशांसाठी मोठ्या बोटी हजारो गळ लावलेल्या मैलोन्‌मैल लांब दोऱ्या सोडतात. आमिषावर झेपावलेला पक्षी गळाला अडकून पाण्याखाली ओढला जातो. उपाय फार महागडे नाहीत. दोरी रात्री सोडायची, तिला वजन लावायचं आणि बोटीमागे फडफडणाऱ्या फितींची दोरी बांधून पक्ष्यांना लांब ठेवायचं. या दोरीला जगभर ‘तोरी लाइन’ म्हणतात, जपानी ‘तोरी’वरून. ते जिथे नेमानं केलं जातं तिथे मरणारे पक्षी कमी झालेत. दुसरा शत्रू प्लॅस्टिक. मिडवेवरच्या पिल्लांच्या पोटात बाटल्यांची झाकणं आणि लायटर सापडतात. आईबाप ते खाणं समजून समुद्रातून आणून भरवतात.

त्याच मिडवेवर, ‘गूनी’ म्हणजे बावळट पक्ष्यांच्या वसाहतीत, एक मादी दरवर्षी बातमीत येते. १९५६ मध्ये तिच्या पायात शास्त्रज्ञांनी कडं घातलं तेव्हाच ती अंडी घालण्याच्या वयाची होती. आज तिनं सत्तरी ओलांडलीय. माहीत असलेल्या रानपक्ष्यांत ती सर्वांत वयस्कर. कडं घालणारे चँडलर रॉबिन्स यांना ती २००२ मध्ये परत सापडली, तेव्हा ते स्वतः ऐंशीच्या पुढे होते. २०२४ च्या अखेरीलाही तिनं अंडं घातलं. शास्त्रज्ञांनी तिचं नाव ठेवलंय ‘विज्डम’, म्हणजे शहाणपण.

चौकट : किनाऱ्यावर ‘बूबी’ दिसला तर?

अल्बट्रॉस आपल्याकडे येत नसला तरी त्याच्यासारखाच नावानं बदनाम झालेला ‘मास्क्ड बूबी’ येतो. पावसाळ्यातल्या वादळी वाऱ्यांत दमलेले बूबी मुंबई आणि कोकणच्या किनाऱ्यावर येऊन पडतात. अंग पांढरं, पंखांच्या कडा काळ्या, चेहऱ्यावर काळा मुखवटा, अशी ओळख. तो जवळ जाऊनही उडत नाही, कारण त्याच्यात त्राण उरलेलं नसतं. अशा वेळी त्याला परत पाण्यात सोडू नका, जबरदस्तीनं पाणी पाजू नका, सेल्फीसाठी गराडा घालू नका. कुत्र्यांना लांब ठेवा आणि वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर कळवा. फोनवर ‘बूबी’ समजलं नाही तर सांगा, मोठा पांढरा समुद्रपक्षी आहे, दमलाय. बावळट म्हणू नका म्हणजे झालं!